घरातली जमात

२ एप्रिल २०२२. त्या दिवशी गुढीपाडवा होता. दोन वर्षे चालू असलेले कोरोनाचे निर्बंध राज्य सरकारने पाडव्याच्या मुहूर्तावर उठवले. मास्कसुद्धा ऐच्छिक झाला. संध्याकाळी शेजाऱ्यांच्या गुढ्या उतरल्या आणि थोड्याच वेळात रमजानचा चाँद दिसला. त्या रात्री आमच्या मोहल्ल्याच्या मशिदीत तरावीहला पाय ठेवायला जागा नव्हती. दोन वर्षांनी खांद्याला खांदा लागला होता. लोक एकमेकांना मिठ्या मारत होते. दोन रमजान ज्यांनी पाहिले नाहीत त्यांची आठवण काढून डोळे पुसत होते.

आम्ही घरी आलो तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. दिवाणखान्यात गेली दोन वर्षे रमजानमध्ये जी मोठी चादर अंथरली जाई ती घडी करून कपाटावर ठेवलेली दिसली. अम्मी पलंगावर तसबीह घेऊन बसली होती. तिने विचारले, "मशीद भरली होती का रे?" आम्ही म्हणालो, "तुडुंब." ती म्हणाली, "बरं झालं. इथं मात्र रिकामं वाटलं."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पण ते वाक्य आमच्या मनातून गेले नाही. हा लेख त्या वाक्यामुळे लिहीत आहोत. कोरोनाच्या काळाचा इतिहास पुढे लिहिला जाईल तेव्हा सरकारी आदेश असतील, रुग्णांचे आकडे असतील, मशिदी आणि मंदिरे कधी बंद झाली आणि कधी उघडली याच्या तारखा असतील. बाहेरचे व्यवहार पूर्ववत होत गेले तसे घराच्या आत काय सुरू झाले आणि काय बंद पडले याची नोंद मात्र कोणी ठेवणार नाही. ती निदान आपल्या समाजापुरती आपणच ठेवली पाहिजे, असे आम्हाला वाटते.

घराचा इतिहास लिहून न ठेवण्याची आपली सवय जुनी आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांना प्लेगचे रुग्ण आढळले. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी सरकारने साथरोग कायदा केला. त्याच कायद्याचा आधार घेऊन १२३ वर्षांनी, मार्च २०२० मध्ये, महाराष्ट्र सरकारने कोरोनाचे निर्बंध जारी केले. १८९७ मध्ये मुंबई बंदरातून हजयात्रेला जाणाऱ्यांवर बंदी आली होती. घराघरांत तपासणी पथके शिरली होती. पुण्यात रँडच्या पथकांनी काय केले आणि २२ जून १८९७ च्या रात्री त्याच्यावर गोळ्या का झाडल्या गेल्या, हे मराठी वाचकाला सांगावे लागत नाही.

मदनपुऱ्याची हकिकत तेवढी ठाऊक नसते. ९ मार्च १८९८ रोजी मुंबईतील या विणकर वस्तीत प्लेगचे पथक एका मुस्लिम जुलाहा कुटुंबाच्या दारात आले. घरातल्या आजारी मुलीला तपासायचे होते. घरच्यांनी नकार दिला. जमाव जमला, दगडफेक झाली, गोळीबार झाला आणि दंगल शहराच्या इतर भागांत पसरली. इतिहासाच्या पुस्तकांत ही 'प्लेगची दंगल' म्हणून येते. सरकारची जबरदस्ती, धार्मिक भावना, पडदा असे विषय तिच्या निमित्ताने चर्चिले जातात. पण ज्या मुलीसाठी एवढे घडले ती या हकिकतीत केवळ निमित्तापुरती येते. दार आतून बंद करणारे आणि बाहेरून ठोठावणारे, दोघांचाही इतिहास झाला. ती मात्र दाराच्या आतच राहिली.

प्लेगच्या वेळी घरात शिरणारे सरकार २०२० मध्ये लोकांना घरातच बसा म्हणत होते. मार्चमध्ये मशिदी बंद झाल्या. कुवेतमध्ये तर अजानमध्येच 'आपल्या घरी नमाज पढा' अशी पुकार झाली. पैगंबरांच्या काळात पाऊस-वाऱ्याच्या रात्री अशी पुकार होत असे, हा त्यामागचा आधार होता. आपल्याकडेही उलेमांनी घरीच नमाज पढण्याचे आवाहन केले आणि लोकांनी ते ऐकले. मशिदीत इमाम, मुअज्जिन आणि दोन-चार माणसे एवढ्यांचीच जमात होऊ लागली. जुम्याच्या वेळी आम्ही घरी जोहर पढू लागलो.

२५ एप्रिल २०२० रोजी पहिला रोजा होता. आदल्या रात्री तरावीहचा प्रश्न उभा राहिला. घरात हाफिज कोणी नाही. मग ठरले की सूरह फीलपासून सूरह नासपर्यंतच्या शेवटच्या दहा सूरह दोनदा पढायच्या, म्हणजे वीस रकाती होतात. आमच्यासारख्या अर्धवट माणसाला इमाम व्हावे लागले. दिवाणखान्यातला टेबल बाहेर काढला, चादर अंथरली. पुढे आम्ही, आमच्या उजव्या बाजूला मुलगा आणि मागच्या सफमध्ये अम्मी, पत्नी आणि मुलगी.

सूरह काफिरूनमध्ये सारखीच वाटणारी वाक्ये फिरून फिरून येतात. तिथे आमची गाडी अडली. पुढचे आठवेना, मागचेच पुन्हा तोंडात येऊ लागले. तेवढ्यात मागून टाळीचा हलका आवाज आला. आम्ही थांबलो, सुरुवातीपासून पढलो आणि या वेळी नीट पार पडलो. सलाम फेरल्यावर मागे वळून पाहिले. तेरा वर्षांची मुलगी मान खाली घालून बसली होती. तिने समजावून सांगितले की इमाम चुकला तर पुरुषाने 'सुब्हानल्लाह' म्हणायचे असते आणि स्त्रीने उजव्या हाताचा तळवा डाव्या हाताच्या पाठीवर मारायचा असतो. मकतबमध्ये आपाने शिकवले होते. तिला शिकून चार वर्षे झाली होती, पण ते वापरण्याची वेळ आजवर कधी आली नव्हती. कशी येणार? ती इमामाच्या मागे उभीच कधी राहिली नव्हती.

सत्तरीला आलेल्या अम्मीची गोष्टही हीच. पन्नासहून अधिक वर्षे तिने रमजानचे सगळे रोजे धरले. सहरीला सर्वांच्या आधी उठली, इफ्तारीचे सगळे केले. तरावीह तिने नेहमी एकटीने, स्वयंपाकघर आवरल्यावर, पाय दुखत असताना पढली. जमातीने तरावीह तिने त्या वर्षी पहिल्यांदा पढली. त्या महिन्यात आमच्या घरात एक नवा रिवाज पडला. इफ्तारीनंतरची भांडी मुलगा आणि आम्ही घासू लागलो. स्त्रियांची भांडी राहिली तर सफ अपुरी राही आणि जमात खोळंबे. वर्षानुवर्षे जे उपदेशाने झाले नव्हते ते नमाजाच्या वेळेने करून दाखवले.

त्या काळाचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. मोहल्ल्यात मजुरी बुडालेली कुटुंबे होती. मालेगाव-भिवंडीचे यंत्रमाग बंद पडले होते. जकातीचा पैसा रेशनच्या पिशव्यांत जात होता आणि तोही पुरत नव्हता. त्यात दिल्लीच्या तबलीगी मरकजच्या बातम्यांनंतर साऱ्या समाजावर संशयाची नजर आली. भाजीवाल्याला नाव विचारून परत पाठवल्याच्या गोष्टी आम्ही घराच्या खिडकीतून ऐकल्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २१ ऑगस्ट २०२० रोजी परदेशी तबलीगींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा बनवले गेल्याचे मत नोंदवले. पण निकाल येईपर्यंत चार महिने गेले होते. 'जमात' हा शब्द मुलांनी बाहेर उच्चारू नये असे सांगण्याची पाळी त्या चार महिन्यांत अनेक घरांवर आली. आमच्या घरात त्याच शब्दाने रोज रात्री चादर अंथरली जात होती.

आणि मृत्यू होते. ३० मार्च २०२० रोजी मुंबई महापालिकेने कोरोनाने मरण पावलेल्या सर्वांचे दहन करण्याचे परिपत्रक काढले आणि त्याच दिवशी मागे घेतले. वांद्र्याच्या कब्रस्तानांतील दफनाविरुद्धचा अर्ज उच्च न्यायालयाने २२ मे २०२० रोजी फेटाळला. दफनाचा हक्क राहिला, पण घराचा निरोप राहिला नाही. आपल्याकडे स्त्रिया जनाज्यामागे कब्रस्तानात जात नाहीत. मय्यत घरातून निघण्यापूर्वीचा दीदार हाच त्यांचा शेवटचा निरोप असतो. मय्यत इस्पितळातून बंद पिशवीत थेट कब्रस्तानात जाऊ लागली तेव्हा पुरुषांना निदान दुरून माती देता आली. स्त्रियांना काहीच मिळाले नाही. जियारत नाही, चाळिसावा नाही, गळ्यात पडून रडायला नणंद-जाऊ नाही. आमच्या नात्यातल्या एका विधवेने इद्दतीचे चार महिने दहा दिवस फोनवरच्या आवाजांवर काढले. पुढे लोक भेटायला येऊ लागले तेव्हा ती म्हणाली, "आता सगळे येतात, पण आता मला रडू येत नाही."

बंद पडलेले जग परत कोणत्या क्रमाने उघडले हे पाहण्यासारखे आहे. मे २०२० मध्ये दारूची दुकाने उघडली. ऑगस्टमध्ये मॉल उघडले, ५ ऑक्टोबरला हॉटेले आणि बार. प्रार्थनास्थळे दिवाळीच्या पाडव्याला, म्हणजे १६ नोव्हेंबर २०२० रोजी उघडली. नववी ते बारावीचे वर्ग २३ नोव्हेंबरपासून अनेक जिल्ह्यांत भरू लागले आणि पाचवी ते आठवीचे २७ जानेवारी २०२१ पासून. सर्वांसाठी लोकल, तीही ठरावीक वेळेत, १ फेब्रुवारीपासून. लहान मुलांच्या शाळा सर्वांत शेवटी. समाज कशाला किती निकड देतो हे त्याच्या भाषणांवरून कळत नाही, असल्या क्रमावरून कळते.

मशीद उघडल्यानंतरचा पहिला जुमा २० नोव्हेंबरला आला. वजू घरून करून यायचे, जानमाज स्वतःची आणायची, दोघांत अंतर ठेवायचे, मुसाफा करायचा नाही. पासष्टच्या पुढच्यांनी आणि दहाच्या आतल्या मुलांनी घरीच थांबावे असा सल्ला होता. सफमध्ये जागा सोडून उभे राहताना दात पडल्यासारखे वाटे. तरी आम्ही आनंदाने गेलो. आठ महिन्यांनी मशिदीच्या फरशीला कपाळ टेकले.

हळूहळू घरची जमात मोडू लागली. तसे कोणी ठरवले नव्हते. आधी जोहर आणि असर गेली, मग मगरिब. इशा काही दिवस टिकली, कारण मुलगी आठवण करून देई. मग एक दिवस आम्हीच म्हणालो, "आज मशिदीत पढून येतो, तुम्ही पढून घ्या." या 'पढून घ्या'मध्ये सगळा जुना रिवाज परत आला. भांडीही गुपचूप आपल्या जुन्या हातांत गेली. आमच्या मशिदीत स्त्रियांना जागा नाही. त्यामुळे आमच्यासाठी जे पुन्हा सुरू झाले, तेच त्यांच्यासाठी बंद पडले.

दुसरी लाट आली. १४ एप्रिल २०२१ रोजी पहिला रोजा होता आणि त्याच रात्री आठपासून राज्यभर कडक निर्बंध लागू झाले. पुन्हा चादर अंथरली. पण पहिल्या वर्षाचे अप्रूप या वेळी नव्हते. रोज दुआमध्ये एखादे नाव वाढत होते. २२ एप्रिलपासून लग्नाला पंचवीस माणसे आणि दोन तासांची मर्यादा आली. त्या काळात आमच्या भाचीचा निकाह घरातच झाला. मेहर रोख दिला, खजूर वाटले, नवरी त्याच संध्याकाळी सासरी गेली. कर्ज कोणी काढले नाही. इस्लामला साधा निकाह पसंत आहे हे आपण प्रत्येक इस्लाही जलशात ऐकतो. तो शक्य आहे हे मात्र निर्बंधांनी दाखवले.

लशीच्या बाबतीत प्लेगची आठवण उपयोगी पडायला हवी होती. वाल्डेमार हाफकिन यांनी १८९७ मध्ये मुंबईत प्लेगची लस तयार केली. लोक भीत होते तेव्हा तरुण आगाखान सर सुलतान महंमद शाह यांनी ती स्वतः उघडपणे टोचून घेतली आणि आपल्या अनुयायांसमोर उदाहरण ठेवले. २०२१ मध्येही अफवा होत्याच. नोव्हेंबरमध्ये राज्याच्या आरोग्यमंत्र्यांनी मुस्लिमबहुल भागांत लसीकरण वाढवण्यासाठी सलमान खानची मदत घेण्याची भाषा केली. आमच्या मोहल्ल्यात नटाची गरज पडली नाही. आशाताई आणि उर्दू शाळेच्या शिक्षिका घरोघर गेल्या. अम्मीने ऐकले ते त्यांचे, आमचे नव्हे.

४ ऑक्टोबर २०२१ रोजी शहरांत आठवीपासूनच्या आणि ग्रामीण भागांत पाचवीपासूनच्या शाळा पुन्हा भरल्या. ७ ऑक्टोबरला, घटस्थापनेच्या दिवशी, प्रार्थनास्थळे दुसऱ्यांदा उघडली. १७ ऑक्टोबरला मक्केच्या हरममध्ये फरशीवरच्या अंतराच्या खुणा काढल्या गेल्या आणि तिथली सफ सलग झाली. ते दृश्य आम्ही सर्वांनी मोबाइलवर पाहिले. तेव्हा मुलीने सहज विचारले, "तिथं बायका पण आहेत ना?" आम्ही हो म्हणालो. ती पुढे काही बोलली नाही.

शाळा उघडल्या तेव्हा तिच्या वर्गातल्या काही मैत्रिणी परत आल्या नाहीत. घरात मोबाइल एक आणि शिकणारी मुले तीन असतील तर तो कोणाच्या हाती जातो हे सांगायला नको. अभ्यास तुटला, मग मन तुटले, मग कमी खर्चात लग्न उरकते म्हणून स्थळ आले. वर आम्ही ज्या साध्या निकाहाचे कौतुक केले त्याची ही दुसरी बाजू आहे आणि ती लपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. परत न आलेल्यांपैकी कोणाची साथीच्या बळींत गणना होत नाही. मदनपुऱ्याची मुलगी प्रत्येक साथीत असते, फक्त दार वेगळे असते.

त्यानंतर २०२२ चा तो पाडवा आला. हॉलच्या तारखा पुन्हा मिळेनाशा झाल्या, वलीम्याला हजार पाने उठू लागली, कर्जेही परत सुरू झाली. ईदगाह भरली. हजसाठी २०२० मध्ये सौदीत राहणाऱ्या मोजक्या लोकांना परवानगी होती आणि २०२१ मध्ये तिथल्याच साठ हजारांना. २०२२ मध्ये दहा लाखांना वाट मोकळी झाली आणि भारतीय यात्रेकरू दोन वर्षांनी निघाले, पण पासष्टच्या आतले. वयाची अट २०२३ मध्ये गेली. त्या वर्षी भारतातून चार हजारांहून अधिक स्त्रियांनी मेहरमशिवाय हजला जाण्यासाठी अर्ज केले. ही मोठी गोष्ट आहे. जी स्त्री एकटी मक्केपर्यंत जाऊ शकते ती गल्लीच्या टोकाच्या मशिदीत का जाऊ शकत नाही, याचे उत्तर आम्हाला देता येत नाही.

धर्माचे नाव यात पुढे करू नये. पैगंबरांच्या मशिदीत स्त्रिया नमाजाला येत आणि त्यांना अडवू नका अशी त्यांची ताकीद होती, हे शाळकरी मुलालाही माहीत असते. हाजी अलीच्या मजारीजवळ जाण्याचा स्त्रियांचा हक्क २६ ऑगस्ट २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केला. मशिदीतील प्रवेशासाठी पुण्याच्या एका दांपत्याने २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. त्यावर मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डानेही २०२० मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये, स्त्रियांना मशिदीत नमाज पढण्याची मुभा आहे, असेच प्रतिज्ञापत्रात म्हटले. मुभा आहे, पण जागा नाही. वजूखाना नाही, पडद्याची सोय नाही, जिना नाही. म्हणजे प्रश्न फतव्याचा राहिलेला नाही, बांधकामाचा आणि इराद्याचा आहे. साथीनंतर आपल्या किती मशिदींची डागडुजी झाली, रंग लागले, वातानुकूलन यंत्रे बसली! त्या खर्चात एक खोली बसत नव्हती काय?

मोहल्ल्याच्या बैठकीत आम्ही ही गोष्ट काढली. वडीलधाऱ्यांनी ऐकून घेतले, 'बघू' म्हणाले. आम्ही पुन्हा काढणार आहोत. पण तोवर आपल्या हातातले तरी करावे म्हणून घरात एक ठरवले आहे. आमच्या मशिदीत सत्ताविसाव्या रात्री तरावीहमधला कुरआन पूर्ण होतो, मिठाई वाटली जाते आणि त्यानंतर सफा विरळ होतात. उरलेल्या दोन-तीन रात्री आम्ही घरी थांबतो. भांडी आधी, मग चादर. अम्मी आता खुर्चीवर बसून पढते. मुलगी कॉलेजात शिकते आणि तिला आमच्याहून दुप्पट सूरह पाठ आहेत.

गेल्या रमजानमध्ये सूरह काफिरून आम्ही न अडखळता पढलो. सलाम फेरल्यावर अम्मी म्हणाली, "आज टाळी नाही वाजली." मुलगी म्हणाली, "वाजवायला तयार होते मी."